घर हललं, पण भांडी वाजली नाहीत

प्रश्न : लातूर शहरात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांची 64 वर्षांची आई औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात वडिलांसोबत राहते. 1993 च्या भूकंपात आईची सासू आणि धाकटी जाऊ गेली. आईला स्वतःला ढिगाऱ्याखालून बाहेर काढलं होतं. गेल्या तीन महिन्यांपासून ती अधूनमधून पहाटे "घर हलायलंय, भाईर निघा" असं ओरडत उठते आणि भिंत धरत अंगणाकडे धावते. मिनिटभरात सगळं थांबतं. ताई लिहितात, 'कूस बदलली की सुरू होतं. कधी कधी फडताळातला डबा काढायला वर बघितलं तरी होतं.' आई दोनदा पडली, एकदा मनगट मुरगळलं. आता ती घरात झोपत नाही, अंगणात बाज टाकते. वडील म्हणतात, भूकंपाची भीती परत वर आली. भावानं मानेचा एक्स-रे काढून आणला, त्यात 'मणक्यात गॅप' निघाली आणि गळ्यात पट्टा आला. मावशीला वाटतं, तुळजापूरचा नवस फेडायचा राहिलाय. आई माळकरी आहे, आठ वर्षांपासून शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी घेते, आणि तीन महिन्यांपासून चक्करची गोळी रोज तीनदा. भाऊ गावचं घर बंद करून तिला लातूरच्या फ्लॅटवर आणायचं म्हणतो, आई नाही म्हणते. ताईंनी विचारलंय : आईला मनाच्या डॉक्टरकडे न्यावं, मणक्याच्या डॉक्टरकडे न्यावं, की भावाचं ऐकावं?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. 'कूस बदलली की सुरू होतं.' घरातल्या सगळ्यांनी आपापलं कारण शोधलं, पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या या वाक्याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही.

वडिलांचं म्हणणं मला कळतं. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून दमून झोपलेली गावं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ज्या बाईनं ते अंगावर झेललं ती पहाटे 'घर हलायलंय' म्हणाली, तर भीतीचं कारण हाताशी तयारच असतं. म्हणून तर ते आधी बाजूला ठेवून बघा. मनातल्या भीतीनं जागी झालेली बाई कुशीवर वळण्याची वाट बघत नाही. फडताळाकडे मान वर केल्यावर बरोबर तेवढ्यापुरती भीती येते आणि मिनिटभरात जाते, असंही सहसा होत नाही. डोकं ठरावीक बाजूला गेलं की सगळं फिरतं आणि डोकं स्थिर ठेवलं की थांबतं, ही खूण कानाची आहे.

मी आयुष्यभर मराठवाड्यातच कान-नाक-घशाचे पेशंट तपासले. पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी ते करत नाही. पण आईला पहिल्यांदा कुठल्या दारात न्यायचं, एवढं या पत्रावरून नक्की सांगता येतं.

ऐकण्याच्या यंत्राला लागूनच कानाच्या आत तोल सांभाळणारं यंत्र असतं. पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या, आणि त्यांच्या बुडाशी एका पिशवीत चिकटून बसलेले चुन्याचे अगदी बारीक कण. वयानं, डोक्याला मार लागल्यानं, खूप दिवस अंथरुणाला खिळल्यानं, आणि पुष्कळदा काहीच कारण नसताना हे कण सुटतात आणि एखाद्या नळीत शिरतात. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना हा त्रास जास्त होताना दिसतो. पन्नाशीपुढच्या बायांमध्ये तर तो नेहमीचा. मग कुशीवर वळलं की कण नळीत घरंगळतात आणि आतला द्रव ढकलतात. कान मेंदूला सांगतो, आपण फिरतोय. डोळे सांगतात, आपण पडून आहोत. या भांडणात माणसाला खरोखर खोली फिरताना दिसते. कण तळाशी जाऊन बसले की मिनिटाच्या आत सगळं शांत. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. पेशंटला मी 'कानातले खडे सरकलेत' एवढंच सांगायची.

म्हणजे आई खोटं बोलत नाही, घाबरट नाही आणि तिला वेडही लागलेलं नाही. तिला जे दिसतं ते खरंच दिसतं. फक्त हलतं ते घर नाही.

याची तपासणी साधी आहे, मशीन लागत नाही. पेशंटला टेबलावर पाय लांब करून बसवतात, डोकं एका बाजूला अर्धं वळवतात आणि पटकन मागे आडवं करून डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवतात. मग डॉक्टरनं फक्त डोळ्यांकडे बघायचं. चार-पाच सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं फिरवल्यासारखी, झटके देत थरथरू लागतात, पेशंट टेबलाची कड घट्ट पकडतो, आणि अर्ध्याएक मिनिटात ती थरथर आपोआप विरते. डिक्स आणि हॉलपाईक या दोन डॉक्टरांनी 1952 साली ही तपासणी नीट मांडून दिली. उपायही तिथल्या तिथेच होतो. डोकं ठरावीक क्रमानं, प्रत्येक ठिकाणी थांबत वळवत नेलं की कण नळीतून परत पिशवीत पडतात. जॉन एपली यांनी ही पद्धत 1992 मध्ये छापून प्रसिद्ध केली. दहा-पंधरा मिनिटांचं काम. बहुतेकांना एक-दोन वेळात आराम पडतो. पुढचे काही दिवस थोडं तरंगल्यासारखं वाटतं, आणि काहींना महिन्यांनी-वर्षांनी पुन्हा होतं, तेव्हा पुन्हा तेच करायचं. मोबाइलवर बघून घरी मात्र पहिल्यांदा करू नका. कुठला कान, कुठली नळी हे आधी कळावं लागतं, आणि आईच्या मानेकडेही एकदा बघायला हवं.

मानेचं म्हटलं तर भावाला हे शांतपणे सांगा. साठीनंतर बहुतेकांच्या मानेचा एक्स-रे काढला तर मणके झिजलेले दिसतात. ज्याला कधी चक्कर आली नाही त्याचेही दिसतात. त्या झिजेनं घर गरगर फिरत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मीही हा पट्टा लिहून दिलेला आहे. कापूस वेचायला वाकली की झोक जाणारी एक बाई माझ्याकडे यायची. दोन हंगाम तिनं पट्टा घालून वेचणी केली, वाकता येईना म्हणून मजुरी कमी पडली. तिसऱ्या वर्षी मी तिला टेबलावर आडवं केलं आणि तिची बुबुळं फिरताना पाहिली. त्या दिवशी ती बरी होऊन गेली, पण जाताना "दोन वरसं, बाई" एवढंच म्हणाली. ते मी विसरलेली नाही. पट्ट्यानं मान ताठ राहते आणि पायाखाली बघता येत नाही, म्हणून पडायची भीती उलट वाढते. डॉक्टरला विचारून तो उतरवा. मानेचा खरा धोका निराळा दिसतो : हात बधिर होऊन ब्लाउजचं हूक लावता न येणं, सुई ओवता न येणं, पाय ताठ पडत चालणं, लघवीवरचा ताबा जाणं. असं काही असेल तर मणक्याचा डॉक्टर लागेलच.

चक्करच्या गोळीबद्दल मला काळजी वाटते. अशा गोळ्या दोन-चार दिवसांसाठी असतात, उलट्या होत असताना आधार म्हणून. या गोळ्या खडे जागेवर नेत नाहीत. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांसारखी चक्करची गोळी महिनोन्‌महिने घेतली तर वयस्कर माणसाला सुस्ती येते, हात कापतात, चाल मंदावते, आणि त्यानंच पुन्हा तोल जातो. आईची गोळी कोणती, ते पाकिटावर वाचा आणि डॉक्टरला 'ही किती दिवस?' असं स्पष्ट विचारा. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.

आता दुसरी गोष्ट, जी कानाच्या मागे लपून राहू शकते. आई माळकरी आहे आणि आठ वर्षं मेटफॉर्मिन घेते. ब-12 हे जीवनसत्त्व मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर त्याचं शोषण आणखी घटतं. शुगरनंही पायाच्या नसा कमजोर होतात. मग तळव्यांना जमीन नीट कळत नाही. उजेडात डोळे सांभाळून घेतात, अंधारात मात्र माणूस झोकांड्या खातो. आईला विचारा, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो का? चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही का? गादीवर चालल्यासारखं वाटतं का? एकाचं उत्तर जरी हो आलं, तरी रक्तातलं ब-12 तपासून घ्या. कमी निघालं तर इंजेक्शनं किंवा गोळ्या देतात. उशीर झाला तर नसांचं झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. ही दोन्ही दुखणी एकाच माणसात असू शकतात. पहाटे कूस बदलताना कान फिरवतो आणि मग अंधारात अंगणाकडे धावताना पाय दगा देतात. आई दोनदा पडली ती कदाचित अशीच.

बीपीही दोनदा मोजायला सांगा. पाच मिनिटं झोपवून एकदा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर गोळीचा डोस बघावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपुढे जातो, बाया शेतात पाणी कमी पितात (लघवीला आडोसा नसतो म्हणून, हे मी शेकडो बायांच्या तोंडून ऐकलंय), आणि त्याच बीपीच्या गोळीनं उठता उठता डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्या बाबामंडळींचंही तेच. एकादशीच्या उपवासाला मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात गेली असेल तर शुगर 70 च्या खाली उतरून घाम, थरथर, घाबरं होणं आणि तोल जाणं, सगळं एकदम येतं. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते आधी विचारून ठेवा.

इतर वाचकांसाठी इथे जरा थांबते, कारण 'चक्कर आली' या दोन शब्दांत आपण दहा वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि तिथेच घोटाळा होतो. सगळं फिरतं का? की डोळ्यांपुढे अंधारी येते? की डोकं ठीक पण पाय लटपटतात? किती वेळ टिकतं, आणि काय करताना सुरू होतं? सेकंदांत थांबणारं बहुधा कानातल्या खड्यांचं. एखाद्या कानात दडपण येऊन आवाज यायला लागला, ऐकू कमी झालं आणि वीस मिनिटांपासून काही तास गरगरत राहिलं, पुन्हा पुन्हा तसंच झालं, तर मेनिएरचा आजार तपासायला हवा. सर्दी-तापानंतर दिवसच्या दिवस गरगर आणि उलट्या, पण ऐकू व्यवस्थित, तर तोलाच्या नसेला सूज आलेली असू शकते. एका कानानं एकाएकी ऐकू यायचंच बंद झालं तर त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठा. औषध लवकर सुरू झालं तरच फायदा. उभ्या उभ्या काही कळायच्या आत कोसळणाऱ्या माणसाचा ईसीजी काढायला हवा, हृदयाचे ठोके अडखळत असतील. आणि कपाशीवर फवारणी करून आलेल्याला चक्कर, घाम, लाळ आणि बाहुल्या टाचणीएवढ्या, असं दिसलं तर ती विषबाधा आहे. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि औषधाच्या डब्यासकट दवाखाना गाठा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाठ करून ठेवावी. तोल अचानक गेला, आणि सोबत तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले, कधी नव्हे असं डोकं ठणकलं, किंवा आधाराशिवाय बसताही येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. लहान मेंदूच्या झटक्यात पुष्कळदा हात-पायांची ताकद चांगली राहते, फक्त तोल जातो आणि उलट्या होतात. सुरुवातीचा सीटी स्कॅनही साफ दिसू शकतो, म्हणून 'सीटी नॉर्मल आहे, घरी जा' एवढ्यावर उठू नका. माणूस उभा राहतोय का, ते डॉक्टरला दाखवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि वेळ मोजतात ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. 108 ला फोन करा. सलाईन लावून सकाळपर्यंत बघू, असं करू नका.

तुमच्या आईकडे परत येते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे, तुम्हाला तोच जवळ. इतर वाचकांना अंबाजोगाई, नांदेडचं विष्णुपुरी, छत्रपती संभाजीनगरची घाटी, ही सरकारी रुग्णालयं आहेत. खासगीत जायचं तर फोनवरच विचारा, 'पेशंटला आडवं करून डोळे बघून चक्कर तपासता का?' हो म्हणाले तर जा. निघताना एका कागदावर लिहून न्या : किती वेळ टिकतं, काय करताना होतं, कुठल्या गोळ्या, कितीदा पडली. बाहेरच्या बाकावर दोन तास बसल्यावर आठवत नाही.

आणि भीतीचं काय? ती आहेच. पण ती कारण नसून तिला रोज पहाटे कुणीतरी उठवतंय, असं मला वाटतं. ज्या बाईच्या अंगानं एकदा खरा भूकंप ओळखलाय तिचा कान खोटा भूकंप दाखवायला लागला, तर ती पळणारच. तिचा तो सराव चुकीचा नाही. त्यानंच कधीतरी जीव वाचतो. 10 जुलै 2024 ला हिंगोलीकडे जमीन खरोखर हलली तेव्हा आपण सगळेच अंगणात आलो होतो. कान बरा झाल्यावरही ती रात्री दचकत राहिली, मान ताठ धरून चालू लागली, सप्टेंबर आला की जेवण तोडू लागली, तर मनाच्या डॉक्टरकडे जरूर न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं. फक्त क्रम चुकवू नका. आधी मनाच्या दारात नेलं तर तिला वाटेल, आपलं कुणी खरंच धरत नाही.

मावशींना दुखवायचं कारण नाही. तुळजापूरला जायचं तर जा, आईला बरं वाटेल. पायऱ्या उतरताना दोघींनी हात धरा, आणि जाण्याआधी कान तपासून घ्या.

राहिला घराचा प्रश्न, आणि तिथे मी तुमच्या आईच्या बाजूची आहे. फ्लॅटवरही ती कुशीवर वळणारच, आणि तिथे अंगण नसेल. अनोळखी घरात पहाटे जिन्याकडे धावली तर? तीस वर्षांपूर्वी तिचं गाव एकदा हातातून गेलं. नव्या जागेवर तिनं पुन्हा चूल मांडली, लिंब लावला, शेजार जोडला. मुलगा काळजीपोटी कुलूप लावेल, पण तिला ते दुसऱ्यांदा घर गेल्यासारखं वाटेल. तपासणी आणि उपाय होईपर्यंत महिनाभर तुमच्याकडे ठेवा, परतीची तारीख सांगून ठेवा. मग पुन्हा बसून ठरवा, आणि ठरवताना ती समोर असू द्या.

तोवर गावच्या घरात एवढं करून घ्या. ती घरात झोपेल तेव्हा बाज भिंतीलगत असावी आणि उशाशी बॅटरी, वीज जाणारच हे धरून. उठताना आधी कुशीवर, मग बसून मिनिटभर, मग उभं. न्हाणीत आणि मोरीच्या पायरीशी हाताला धरायला एक दांडा बसवा, गुळगुळीत स्लीपर फेकून द्या, उंबरठ्याजवळचं पायपुसणं उचला. फडताळातले रोजचे डबे खाली आणा. हौदाच्या काठावर तिनं एकटीनं वाकायचं नाही, आणि मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून बसायचं तर मुळीच नाही.

आणि आईसाठी एक वेगळी युक्ती. बाजेशेजारी स्टुलावर काठोकाठ पाणी भरलेला पितळी पेला ठेवा. तिला सांगा, पुढच्या वेळी घर हललं की बाज घट्ट धरायची आणि मांडणीकडे कान द्यायचा. खरा धक्का असेल तर भांडी वाजतील, शेजारपाजारचे लोक उठतील, पेल्यातलं पाणी हिंदकळेल; मग खुशाल बाहेर पळायचं, तुम्हीही पळायचं. पाणी स्थिर असेल तर डोकं हलवायचं नाही, नजर एका जागी ठेवायची आणि साठपर्यंत मोजायचं. मोजून झालं की वडिलांना हाक मारून सांगायचं, आपण त्या वेळी कुठल्या कुशीवर वळत होतो, डाव्या की उजव्या. तेवढं न विसरता कागदावर लिहून ठेवा. टेबलावर आडवं करताना डॉक्टर पहिल्यांदा त्याच बाजूकडे बघतील.